पायरेथ्रम: लवकर विरणारं विष

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर डाल्मेशियाचा खडकाळ पट्टा आहे. आज त्याचा बहुतेक भाग क्रोएशियात येतो. तिथल्या चुनखडीच्या उतारांवर शेवंतीच्या नात्यातलं एक रोप आपोआप उगवतं. राखाडी झाक असलेली पानं, पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळी गादी. एकोणिसाव्या शतकात ही फुलं वाळवून दळायचे आणि पिसवा, ढेकूण मारायला ती पूड युरोपभर विकली जायची. हेच पायरेथ्रम.

फूल हातात घेऊन उलगडलं तर पाकळ्यांत फारसं काही सापडत नाही. मधल्या पिवळ्या गादीत पुष्कळ बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या तळाशी एक बी धरत असतं. त्या कोवळ्या बियांवरच्या तेलग्रंथींमध्ये जवळजवळ सगळं विष साठलेलं असतं. म्हणून तोडणीची वेळ महत्त्वाची. गादीतल्या बाहेरच्या तीन-चार ओळी उमलल्या की फूल खुडायचं. वाळलेल्या फुलात वजनाच्या साधारण एक-दोन टक्के पायरेथ्रिन मिळतात. ही एकमेकांशी मिळतीजुळती सहा रसायनं आहेत. देवाला वाहतो ती शेवंती जवळची नातेवाईक असली, तरी तिच्यात ती नावापुरतीच. निर्माल्यातली शेवंती वाळवून कीटकनाशक करण्याचे घरगुती उपाय सांगितले जातात, पण त्यांचा उपयोग होत नाही.

पायरेथ्रिन कीटकाच्या मज्जातंतूंवर घाव घालतात. मज्जातंतूतून संदेश जाताना पेशीच्या आवरणातले सोडियमचे मार्ग क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. पायरेथ्रिन तिथं चिकटलं की ते मिटतच नाहीत, दारात पाचर मारल्यासारखे उघडे राहतात. संदेशामागून संदेश सुटत राहतात. फवारा बसलेलं झुरळ उताणं पडून पाय झाडतं ते यामुळेच. माणसातही हे मार्ग आहेत, पण कीटकांचे मार्ग या विषाला कितीतरी जास्त संवेदनशील असतात. शिवाय शरीर जितकं थंड, तितकं हे विष जोरात चालतं, आणि आपल्या यकृतातली विकरं (एन्झाइम) ते झपाट्यानं तोडून टाकतात.

मात्र कीटकाकडेही अशी विकरं असतात. उताणं पडलेलं झुरळ पुष्कळदा तासाभरानं उठून चालू लागतं. 1940च्या सुमारास लक्षात आलं, की पायरेथ्रममध्ये तिळाचं तेल मिसळलं तर कीटक पुन्हा उठत नाहीत. तेलातला सिसॅमिन हा घटक कीटकाची ती विकरं अडवून धरतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना डासांसाठी जे फवाऱ्याचे डबे दिले, त्यांत पायरेथ्रम आणि तिळाचं तेल दोन्ही होतं. पुढे त्याच धर्तीवर पायपरोनिल ब्युटॉक्साइड बनलं. घरच्या फवाऱ्याच्या डब्यावर आजही हे नाव आढळतं.

डासांची अगरबत्ती जपानची. वाकायामा प्रांतातल्या एइइचिरो उएयामा यांनी 1880च्या दशकात या फुलाचं बी मिळवून लागवड सुरू केली आणि 1890मध्ये पायरेथ्रमची सरळ उदबत्ती काढली. ती जेमतेम चाळीस मिनिटं जळायची. रात्र काढायची तर ती पुरणार कशी? 1895मध्ये त्यांच्या पत्नी युकी यांनी वेटोळ्याची कल्पना सुचवली आणि 1902मध्ये तशी अगरबत्ती बाजारात आली. या छोट्याशा वस्तूतली हुशारी मला फार आवडते. पेटलेल्या टोकाशी विष जळून जातं. त्याच्या काही मिलिमीटर मागं, जिथं नुसती धग पोचते, तिथून ते वाफ होऊन हवेत मिसळतं. टोक पुढं सरकत जातं तशी मागची धगही सरकते. धूर मात्र भुशाचा आणि तो छातीला वाईट. एका अगरबत्तीतून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं 2003च्या एका अभ्यासात आढळलं. बंद खोलीत, लहान मुलाच्या उशाशी ती लावू नये.

या फुलाचा खरा गुण त्याच्या दुबळेपणात आहे, असं मला वाटतं. उन्हात पायरेथ्रिन काही तासांत मोडतात. मातीत साठून राहत नाहीत. पण शेतकऱ्याला हेच परवडत नाही. सकाळी फवारलेलं संध्याकाळी संपलं तर अळी मरणार कशी? इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूत बदल करत 1973मध्ये उन्हात टिकणारं परमेथ्रिन तयार केलं. पाठोपाठ सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन आली. मच्छरदाण्यांसाठी हे टिकाऊपण वरदान ठरलं. गडचिरोलीच्या गावांत हिवतापासाठी वाटल्या जातात त्या कीटकनाशकभारित मच्छरदाण्या याच कुळातल्या रसायनांच्या.

शेतात मात्र त्याची किंमत मोजावी लागली. विष टिकून राहिलं, वारंवार फवारलं गेलं, की त्यातून वाचणाऱ्या किडीचीच वीण वाढते. 1987च्या हंगामात आंध्रच्या कापूसपट्ट्यात अमेरिकन बोंडअळी या औषधांना जुमानेना. डासांचं तर आणखी विचित्र. डीडीटी हे जुनं कीटकनाशकही त्याच सोडियमच्या मार्गांवर काम करतं. त्या मार्गाच्या प्रथिनात एका जागी, 1014व्या क्रमांकावर, ल्युसिन हे अमिनो आम्ल बदललं की दोन्ही विषांची पकड सुटते. म्हणजे डीडीटीशी झुंजून तगलेल्या डासांना पायरेथ्रमच्या वंशजांशी लढायची तयारी आयतीच मिळाली. शिवाय डासांची विकरंही हे विष तोडतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2017मध्ये पायपरोनिल ब्युटॉक्साइड घातलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली. तिळाच्या तेलात सापडलेली युक्ती पुन्हा कामी आली. पण बदललेल्या 1014व्या जागेवर तिचा इलाज नाही, ती फक्त विकरांना आवरते.

फुलाची शेती अजून चालू आहे. अनेक दशकं केनियाच्या उंच, थंड डोंगराळ भागातले छोटे शेतकरी हातानं फुलं खुडून जगाला पायरेथ्रम पुरवत होते. आता सर्वांत मोठा वाटा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा आहे आणि तिथं काढणी यंत्रानं होते.

निसर्गातलं म्हणून हे निर्धोक समजू नये. माशांना आणि मधमाश्यांना पायरेथ्रिन अत्यंत घातक. गप्पी मासे सोडलेल्या हौदाजवळ असा फवारा मारला तर डासांच्या अळ्या खाणारे मासेच आधी मरतील. बागेत फवारायचं असेल तर मधमाश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं औषध तिच्या अंगाला चुकूनही लावू नका. मांजराच्या यकृताला ते नीट तोडता येत नाही. झटके येऊन ती दगावू शकते.