शिक्षणधोरणाचा कागद पुण्यात कसा साठत गेला

महाराष्ट्रात शिक्षणाचे निर्णय मुंबईला मंत्रालयात होतात. त्यांची अंमलबजावणी, मोजदाद आणि बरीचशी भांडणे मात्र पुण्यातून चालतात. मध्यवर्ती इमारतीत संचालनालये, कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, भांबुर्ड्याला माध्यमिक शिक्षण मंडळ, शिवाय परीक्षा परिषद. पत्रकार असो, एम.एड.चा विद्यार्थी असो की शाळेच्या प्रश्नामागे लागलेला पालक, धोरणाबद्दल जाणता माणूस किंवा भरवशाचा आकडा हवा असेल तर तो बहुधा याच शहरात असतो. नेमका कुठे, हे कळायला हा पसारा कसा वाढला ते ठाऊक असावे लागते. इथला प्रत्येक कागद कोणीतरी, कशासाठी तरी करवून घेतलेला आहे. तो कोणी आणि का करवला हे कळेपर्यंत त्यावर तज्ज्ञमत म्हणून भिस्त ठेवू नये.

पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात दक्षिणा फंडाच्या पैशातून संस्कृत पाठशाळा निघाली, १८२३ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने शिक्षणावरचे प्रसिद्ध टिपण लिहिले. धोरणाच्या अभ्यासाला उपयोगी असा सलग कागद त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू होतो. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, त्याच्या डायरेक्टरची कचेरी पुण्यात थाटली गेली आणि दरसाल अहवाल छापले जाऊ लागले. शाळा, मुले, खर्च, जातवार व धर्मवार तक्ते, इन्स्पेक्टरांचे शेरे असे सगळे त्यांत सापडते. हे अहवाल वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे पटावरची मुले आणि सरासरी हजेरी हे वेगवेगळे रकाने आहेत. घाईत पटाचा आकडा उचलला की शिक्षणाचा प्रसार होता त्यापेक्षा मोठा दिसतो. दुसरे, ‘मुंबई इलाखा’ म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. त्यात गुजरात, सिंध आणि कर्नाटकातले जिल्हे होते. मराठवाडा निजामाकडे आणि विदर्भ मध्य प्रांताकडे. शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा कोल्हापूर संस्थानातला. ब्रिटिश जिल्ह्यांच्या तक्त्यांत त्याचा परिणाम शोधत बसणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खात्याचा कागद खात्याचीच बाजू सांगतो. दुसरी बाजू पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर छापली गेली ती १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगामुळे. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आयोगाला निवेदन दिले. पंडिता रमाबाईंनीही त्याच आयोगापुढे साक्ष दिली. फुल्यांचे निवेदन मुंबई प्रांताच्या साक्षींच्या खंडात १४० ते १४५ या पृष्ठांवर आहे. हा खंड १८८४ साली कलकत्त्याला छापला गेला. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, मोडी-बाळबोध, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती शिकवावी, शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जिरतो तो खाली वळवावा, असे त्यात मुद्देसूद मांडले आहे. भाषणांतून आणि लेखांतून हे निवेदन हजारदा उद्धृत झाले. मूळ खंड उघडून शेजारच्या साक्षी वाचणारे थोडे. खरी किंमत त्या शेजारातच आहे. इतर साक्षीदारांना एकच छापील प्रश्नावली दिली होती, त्यामुळे त्याच प्रश्नाला खात्याचा अधिकारी, मिशनरी आणि खासगी शाळेचा चालक काय म्हणतो हे प्रश्नक्रमांक लावून ताडता येते. धोरणाचा अभ्यास शिकायचा असेल तर यासारखा वस्तुपाठ नाही. आयोग कोणताही असो, निष्कर्षांआधी साक्षींचा खंड आणि साक्षीदारांची यादी पाहावी. कोणाला विचारले गेले नाही, तेही त्याच यादीतून कळते.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वयाच्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने सक्ती, तीही स्थानिक संस्थांच्या मर्जीने, इतकी माफक मागणी होती. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विधेयक पडले, पण आकडेवारीनिशी सरकारशी भांडण्याची रीत पुण्यात रुजली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था काढली आणि धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली तिथे प्रत्यक्ष पाहणीचे काम सुरू झाले. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावर गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. शाळा सोडलेली मुले पुन्हा निरक्षर होतात का, असा त्यातला एक प्रश्न होता. हा प्रश्न सरकारी तक्त्यांतून सुटणारा नव्हता, कारण शाळा सुटली की मूल तक्त्यातूनही सुटते. घरी जाऊनच पाहावे लागते. या संस्थेचे ग्रंथालय जुन्या अहवालांसाठी पुण्यातले पहिले ठिकाण मानावे. तिथली बरीच दुर्मीळ पुस्तके आणि सरकारी प्रकाशने स्कॅन होऊन संस्थेच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचता येतात. फक्त शोधताना त्या काळाची इंग्रजी संज्ञा टाकावी. हार्टॉग समितीने १९२९ साली ‘वेस्टेज’ आणि ‘स्टॅग्नेशन’ म्हटले, तेच पुढे मराठीत अपव्यय व स्थगन, मग गळती, आणि शिक्षणहक्क कायद्यानंतर शाळाबाह्य मुले झाले. ‘ड्रॉपआउट’ टाकून १९४० चा अहवाल सापडणार नाही.

ज्यांचे नाव या विषयात टाळताच येत नाही ते जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग करणारा हा माणूस पुढे कोठारी शिक्षण आयोगाचा (१९६४–६६) सदस्य-सचिव झाला. त्यांनी १९४८ साली मुंबईत काढलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्याला कोथरूडला आली. चित्रा नाईकांनी तिथे १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसा काम करणाऱ्या ९ ते १४ वयाच्या मुलांसाठी अनौपचारिक वर्गांचा प्रकल्प चालवला. धोरण लिहिणारा आणि ते वस्तीवर उतरवून पाहणारा एकाच छताखाली, असे पुढे फारसे घडले नाही. संस्थेचे ‘शिक्षण आणि समाज’ हे त्रैमासिक जुन्या अंकांसकट चाळावे. १९८० नंतरच्या मराठी शिक्षणचर्चेतली बरीच नावे तिथे भेटतात आणि त्यांची मते कधी बदलली तेही दिसते.

दरम्यान सरकारी बाजूनेही संस्था वाढत होत्या. १९६४ साली राज्य शिक्षण संस्था निघाली. १९८४ मध्ये तिची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली, २०१६ मध्ये विद्या प्राधिकरण झाले आणि मग पुन्हा परिषद. एकाच कचेरीचे अहवाल तीन-चार नावांखाली विखुरलेत ते यामुळे, आणि ग्रंथालयाच्या सूचीत ते एकमेकांशेजारी येत नाहीत. बालभारती २७ जानेवारी १९६७ ची. अभ्यासक्रमाच्या विषयातला जाणकार शोधायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित मार्ग तिच्या पुस्तकातच आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पाने उलटली की विषय समिती, अभ्यासगट आणि संयोजक यांची नावे छापलेली दिसतात. त्याच इयत्तेच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांतली ही पाने शेजारी ठेवली की कोण आले आणि कोण गेले ते समजते. गेलेल्यांशी बोलणे बहुधा अधिक फलदायी ठरते. बांधीलकी संपलेली असते आणि आठवण ताजी असते.

चालू धोरणासाठी मात्र शासन निर्णय वाचायला शिकण्यावाचून गत्यंतर नाही. जीआर म्हणजे शेवटचा परिच्छेद, असा समज आहे. खरा माल ‘वाचा’ या शब्दाखाली असतो: आधीचे निर्णय, केंद्राची पत्रे, न्यायालयाचे आदेश, क्रमांक आणि तारखेसह. त्यातला सर्वांत जुना धरून मागे जावे, त्याचा ‘वाचा’ पाहावा, असे चार-पाच पायऱ्या उतरले की विषयाचा इतिहास हाती येतो. निर्णयाच्या क्रमांकात प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक असतो आणि शेवटी टीएनटी किंवा एसडी अशी कार्यासनाची अक्षरे. फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते त्यावरून कळते. तळाशी अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक तारखेचे आणि शेवटचे दोन विभागाचे. शालेय शिक्षणाचे २१. आणि निर्णय मिळाला म्हणून थांबू नये, त्याचे शुद्धिपत्रक निघाले का ते पाहावे. पहिलीपासूनच्या हिंदीचे प्रकरण ताजे आहे: १६ एप्रिल २०२५ चा निर्णय, १७ जूनचे ‘अनिवार्य’ ऐवजी ‘सर्वसाधारणपणे’ करणारे शुद्धिपत्रक, आणि २९ जूनला दोन्ही रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा. अडीच महिन्यांत तीन स्थिती. मधला एखादा कागद धरून लिहिलेले लेख अजून फिरत आहेत. शिक्षणहक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के प्रवेशाचेही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट दिली गेली; मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. ज्या तज्ज्ञाला या तारखा विचारूनही सांगता येत नाहीत, त्याचे मत ऐकावे, पण छापू नये.

आकड्यांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळे सांध्यांवर होतात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डांचे दप्तर तिकडे गेले. १९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन एस.एस.सी. परीक्षा झाल्या, त्यामुळे त्या वर्षीचे परीक्षार्थी एकदम फुगलेले दिसतात. महाराष्ट्रात प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी होती. शिक्षणहक्क कायद्याने ती पाचवीपर्यंत नेली आणि उच्च प्राथमिक सहावी ते आठवी केले. शिष्यवृत्ती परीक्षाही त्याच कारणाने चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली होती. जुन्या ‘प्राथमिक’ पटाशेजारी नवा पट ठेवला तर एका इयत्तेची वाढ आपोआप दिसते, आणि कोणीतरी तिला प्रगती म्हणतो. यू-डायस या सरकारी शाळा-माहितीप्रणालीत २०२२–२३ पासून मूलवार नोंदी घेतल्या जातात. त्याआधी शाळेने एकगठ्ठा आकडा द्यायचा. दोन शाळांत नाव असलेले मूल नव्या पद्धतीत एकदाच धरले जाते. त्यामुळे पट घसरल्याची बातमी करण्याआधी मोजण्याची रीत बदलली होती का, हे तपासावे.

‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल आणि सरकारी संपादणूक सर्वेक्षण यांची तुलनाही अशीच जपून. असर २००५ पासून ग्रामीण भागात होतो, जिल्ह्यातली ३० गावे आणि गावातली २० घरे निवडून, घरी बसून एकेका मुलाला वाचायला देऊन. त्यातला ‘पुणे जिल्हा’ म्हणजे शहरी भाग वगळून उरलेला. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेत होते, वर्गात, लेखी. २०२१ मध्ये ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीला झाले आणि २०२४ च्या परख सर्वेक्षणात तिसरी, सहावी, नववीला. इयत्ता वेगळ्या, जागा वेगळी, हजर असलेलीच मुले. दोन्ही खरे असू शकतात. एक दुसऱ्याला खोटे पाडतो म्हणणाऱ्याने परिशिष्टे वाचलेली नसतात.

प्रबंधांबद्दल थोडे. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर मिळतात, पण एम.एड.चे लघुप्रबंध महाविद्यालयांच्या कपाटांतच राहतात आणि ग्रंथपालाला विचारूनच काढावे लागतात. निष्कर्षांपेक्षा त्यांतले दुसरे प्रकरण, म्हणजे संबंधित साहित्याचा आढावा, कामाचे. मराठीतले स्थानिक संदर्भ तिथे एकत्र मिळतात. नमुना कसा निवडला ते मात्र पाहावेच. पुष्कळदा तो संशोधकाला सोयीच्या शाळांचा असतो आणि शेवटच्या प्रकरणात त्यावरून अख्ख्या राज्याला शिफारशी केलेल्या असतात.

एवढे करूनही कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. ‘निर्णय का घेतला’ असे विचारले की अर्ज निकाली निघतो, कारण ‘का’ ही माहिती नव्हे. ‘अमुक प्रकरण क्रमांकाच्या फाइलमधील टिपण्यांच्या प्रती’ असे मागितले की तेच कारण अधिकाऱ्याच्या अक्षरात हाती येते. अर्ज पुण्यात संचालनालयाकडे द्यायचा की मंत्रालयात, हे कार्यासनाच्या अक्षरांवरून ठरवावे. चुकून दुसरीकडे गेलाच तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे कायद्याच्या कलम ६(३) नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. वर्ग केल्याचे पत्र जपून ठेवावे. पहिल्या अपिलात तेच लागते.