बॅटरीजवळचा फ्यूज आणि ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज

गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवून घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक समजूत पक्की असते. ॲम्प्लिफायरच्या अंगावरच फ्यूज दिलेला आहे, तेव्हा बॅटरीजवळ आणखी एक फ्यूज बसवणे म्हणजे दुकानदाराने बिल वाढवण्यासाठी काढलेली सबब होय. दोन्ही फ्यूज एकाच वायरवर असतात, दोन्हीतून तोच प्रवाह जातो आणि कित्येकदा दोन्हींवरचा आकडाही सारखाच असतो, त्यामुळे ही समजूत होणे स्वाभाविक आहे. तरीही त्या दोघांची कामे निराळी आहेत आणि बॅटरीजवळच्या फ्यूजचे काम ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज कधीच करू शकत नाही.

फ्यूज आपल्या पुढे, म्हणजे बॅटरीपासून दूरच्या बाजूला, काही बिघाड झाला तरच प्रवाह तोडतो, मागे झालेला बिघाड त्याला कळतही नाही. बॅटरी बॉनेटखाली आणि ॲम्प्लिफायर डिकीत, अशी नेहमीची मांडणी डोळ्यांसमोर आणावी. या दोघांमधली लाल वायर साधारण पाच मीटर लांब असते आणि इंजिनच्या कप्प्यातून, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या) पत्र्यातून, दाराच्या उंबऱ्यालगतच्या पट्टीखालून आणि मागच्या सीटखालून जाते. या पाच मीटरमध्ये कोठेही तिचे आवरण फाटून तांबे बॉडीला टेकले, तर प्रवाह बॅटरीतून निघतो, त्या जागेपर्यंत जातो आणि बॉडीतून सरळ निगेटिव्ह टर्मिनलला परत येतो. ॲम्प्लिफायर या वाटेवर येतच नाही. त्याच्यावरचा फ्यूज शाबूत राहतो आणि वायर मात्र तापत राहते.

किती तापते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गाडीच्या चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहम इतकाच असतो, त्यामुळे पक्का शॉर्ट झाला की कित्येक शे अँपिअर प्रवाह सहज वाहतो. 4 गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड) वायरमध्ये सुमारे 21 चौरस मिलिमीटर तांबे असते आणि तिचा रोध दर मीटरला 0.8 मिलिओहमच्या आसपास भरतो. तिच्यातून 500 अँपिअर वाहू लागले, तर प्रत्येक मीटरमध्ये सुमारे 200 वॉट उष्णता निर्माण होते. 8 गेजच्या वायरमध्ये तोच आकडा 500 वॉटच्या वर जातो. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा साधारण 70 अंश सेल्सिअसची असते आणि वायरच्या शेजारी गालिचा, फोम, प्लास्टिकची पट्टी आणि गाडीचे मूळ वायरिंग असते. शिवाय ही वायर थेट बॅटरीला जोडलेली असल्यामुळे चावी काढून गाडी बंद केली, तरी तिच्यातला विद्युतदाब (व्होल्टेज) तसाच राहतो.

म्हणून बॅटरीजवळचा फ्यूज हा वायरचा फ्यूज आहे. तो पॉझिटिव्ह टर्मिनलपासून जितका जवळ बसवता येईल तितका चांगला. कार ऑडिओच्या कामात 18 इंच, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर, ही कमाल मर्यादा पाळण्याची पद्धत आहे, कारण टर्मिनल आणि फ्यूज यांमधला तुकडा कायम उघडाच, रक्षणाविना राहतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत काही वर्षांपूर्वी नेमके हेच चुकलेले होते. एका दुकानातून बसवून घेतलेल्या ॲम्प्लिफायरसाठी चांगला ठसठशीत पारदर्शक झाकणाचा फ्यूज होल्डर दिलेला होता, पण तो डिकीत, ॲम्प्लिफायरपासून वीतभर अंतरावर बसवला होता. पावसाळ्याआधी बॅटरी बदलताना मी ती लाल वायर सहज हाताने ओढून पाहिली, तर फायरवॉलमधून ती ज्या भोकातून आत गेली होती तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी संरक्षक कडी) नव्हतेच, पत्र्याची कच्ची कड सरळ आवरणात रुतलेली होती. आवरणावर नखाएवढी चीर पडली होती आणि तिच्यातून तांब्याचे दोन-तीन धागे चमकत होते. डिकीतला तो फ्यूज आणि ॲम्प्लिफायरवरचे फ्यूज, सगळे अगदी नव्यासारखे होते. ते तिन्ही त्या चिरेच्या पुढे होते, मागे एकही नव्हता.

ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजचे काम यापेक्षा मर्यादित, पण तितकेच गरजेचे आहे. आतल्या वीजपुरवठ्याच्या भागातला एखादा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला, किंवा जोडताना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह उलटसुलट झाले, तर तो उडतो आणि सर्किट बोर्ड जळण्याआधी प्रवाह तोडतो. त्याचा आकडा त्या यंत्राच्या भुकेवर ठरतो आणि तो उत्पादकाने ठरवलेला असतो. तो वारंवार उडतो म्हणून त्या जागी मोठा फ्यूज खोचणे ही अतिशय वाईट सवय आहे. वारंवार उडणारा फ्यूज बिघाड दाखवत असतो आणि मोठा फ्यूज बसवला की तो बिघाड बोर्डावर जाऊन संपतो. काही मोठ्या ॲम्प्लिफायरवर फ्यूज दिलेलाच नसतो, तेव्हा माहितीपत्रकात सांगितलेल्या आकड्याचा फ्यूज बाहेर, वायरवरच बसवावा लागतो.

हा फ्यूज आणखी एक गोष्ट सांगतो, जी खरेदीच्या वेळी कामाची आहे. खोक्यावर 2000 वॉट छापलेले असते आणि मागे हिरव्या रंगाचा 30 अँपिअरचा एकच ब्लेड फ्यूज असतो. 13.8 व्होल्टला 30 अँपिअर म्हणजे 414 वॉट, आणि तेही आत जाणारे. क्लास डी आणि क्लास एबी हे ॲम्प्लिफायरच्या रचनेचे दोन प्रकार; क्लास डी त्यातले साधारण 80 टक्के बाहेर देतो, तर क्लास एबी निम्म्याहून थोडे अधिक. तेव्हा वायरचा हिशेब खोक्यावरच्या वॉटवरून करू नये, फ्यूजच्या आकड्यावरून करावा.

बॅटरीजवळच्या फ्यूजचा आकडा ठरवताना मात्र विचाराची दिशा उलटते. येथे वरची मर्यादा वायर घालते आणि खालची मर्यादा ॲम्प्लिफायरची गरज. शुद्ध तांब्याच्या 8 गेज वायरला साधारणपणे 50 ते 60 अँपिअर, 4 गेजला 100 ते 125 अँपिअर आणि 0 गेजला 250 ते 300 अँपिअर इतका फ्यूज चालतो. समजा ॲम्प्लिफायरवर 30 अँपिअरचे दोन फ्यूज आहेत आणि वायर 4 गेजची आहे, तर बॅटरीजवळ 60 ते 100 अँपिअरमधला कोणताही फ्यूज चालेल, मात्र 200 चा चालणार नाही, कारण मग फ्यूज उडण्याआधी वायरचे आवरणच तापून वितळू लागेल.

हे आकडे तांब्याचे आहेत, ही अट विसरू नये. स्वस्त किटमध्ये येणारी वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांश भरते, आणि कित्येकदा आवरण इतके जाड असते की आतला धातू गेजच्या मानाने कमीच निघतो. दोन धागे ब्लेडने खरवडून पाहावेत. आत पांढरी चकाकी दिसली, तर फ्यूज एक पायरी खाली आणावा, किंवा वायरच बदलावी.

आता एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण फ्यूज बसवला की काम झाले असे मानणारेही पुष्कळ असतात. घासलेली वायर पत्र्याला प्रत्येक वेळी घट्ट टेकतेच असे नाही. गाडी हादरली की ती टेकते आणि सुटते, प्रत्येक वेळी ठिणगी पडते, आणि त्या अर्धवट शॉर्टमधला प्रवाह 100 अँपिअरच्या फ्यूजला उडवण्याइतका नसूही शकतो. शिवाय फ्यूज त्याच्या आकड्यावर लगेच उडत नाही, थोड्या जादा भाराला तो बराच वेळ तग धरतो. म्हणून वायरची वाट नीट आखणे हे फ्यूजइतकेच महत्त्वाचे आहे.

फायरवॉलमध्ये शक्यतो कंपनीने दिलेले ग्रोमेट असलेले भोक वापरावे, आणि नवे पाडायचे असल्यास पलीकडे काय आहे ते पाहूनच ड्रिल लावावे, कड कानशीने घासून रंग द्यावा आणि मापाचे ग्रोमेट बसवावे. बॉनेटखाली वायर लवचीक नळीत घालून सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम भागांपासून, बेल्टपासून आणि पंख्यापासून दूर बांधावी. आत आल्यावर ती क्लच-ब्रेकच्या पेडलांच्या हालचालीत येता कामा नये. दाराच्या पट्टीखाली एअरबॅगचे वायरिंग असेल, तर त्याला हात लावू नये आणि त्याच्याशी आपली वायर बांधूही नये. त्याचे कपलर बहुधा पिवळे असतात. सीटच्या रुळाखालून वायर नेली, तर रूळ सरकताना ती चिरडते. ऑडिओ सिग्नलच्या केबल दुसऱ्या बाजूने न्याव्यात, म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी घरघर टळण्यास मदत होते. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड, शक्य तितकी आखूड आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावून घट्ट बसवलेली असावी. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नये.

काम करताना आधी बॅटरीचे निगेटिव्ह सोडावे, कारण पॉझिटिव्ह सोडताना पान्याचे दुसरे टोक बॉडीला लागले, तर निगेटिव्ह आधीच सुटलेले असल्याने ठिणगी उडत नाही. फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज सगळ्यात शेवटी घालावा. त्याआधी, ॲम्प्लिफायरची बाजू मोकळी ठेवून, लाल वायर आणि बॉडी यांमध्ये मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर लावावा. बीप वाजला, तर वायर कोठेतरी टेकली आहे आणि ती जागा सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोन प्रसंगी दोन फ्यूजही अपुरे पडतात. एक जाड वायर मागे नेऊन तेथून दोन ॲम्प्लिफायरना बारीक वायर फोडल्या, तर बॅटरीजवळचा फ्यूज त्या जाड वायरच्या मापाचा असतो आणि बारीक वायरना त्याचा उपयोग नसतो, म्हणून फाटे निघतात त्या जागीच प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज लागतो. आणि डिकीत दुसरी बॅटरी बसवली, तर मधल्या वायरला वीज दोन्ही टोकांकडून मिळते. पुढचा फ्यूज उडाल्यावरही मागची बॅटरी त्याच शॉर्टला प्रवाह पुरवत राहते, त्यामुळे त्या बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळही तितक्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा लागतो.