अंगणाखाली बुजलेल्या गॅसविहिरी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळ एक छोटी वस्ती आहे. नावाचं स्पेलिंग फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचं, पण गावकरी म्हणतात ‘व्हर्सेल्स’. राजवाडा नाहीच, उलट इथे जमिनीतला गॅस हवेत सोडायला उभ्या नळ्या बसवाव्या लागल्या आणि घरांत गॅसची सूचना देणारे भोंगे लावावे लागले. या उपद्व्यापाचं मूळ 1919 सालात आहे.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या मॅकीस्पोर्टजवळ एका विहिरीला गॅसचा प्रचंड झोत लागला. झालं, जो तो आपल्या परसात बोअर मारायला धावला. यात हाव होतीच, पण कायद्याचाही हात होता. 1889 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल आणि गॅसची तुलना रानातल्या जनावराशी केली होती: ज्याच्या हाती लागेल, त्याच्या मालकीचं. आपण खणलं नाही, तर शेजारी आपल्याही जमिनीखालचं ओढून नेणार. मग छोट्या छोट्या प्लॉटवर, घराला खेटून खोदाईचे मनोरे उभे राहिले. एवढ्या तोंडांनी एकदम ओढल्यावर दाब टिकतो कुठला? 1921 पर्यंत सगळा खेळ आटोपला. शेअर विकून उभ्या राहिलेल्या कंपन्या बुडाल्या, भोकं तेवढी राहिली.

पेनसिल्व्हेनियाला हे नवं नव्हतं. 27 ऑगस्ट 1859 रोजी टायटसव्हिल गावी एडविन ड्रेकच्या विहिरीत जेमतेम 70 फुटांवर तेल लागलं, तेव्हापासून राज्यभर खोदकाम चालू होतं. विहीर आटली की उपसता येईल तेवढं केसिंग, म्हणजे आत बसवलेली लोखंडी नळी, उपसायचं आणि तोंडात झाडाचा बुंधा, दगड, माती, हाताला लागेल ते कोंबायचं, अशी रीत. विहिरी बुजवण्याचे कायदे एकोणिसाव्या शतकातच आले. पण त्यांना काळजी होती ती वरचं पाणी झिरपून खालचं तेल खराब होऊ नये याची. वर पुढे कुणी राहायला येईल, हा विचार त्यात नव्हता. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा उरलेल्या नळ्याही भंगारात गेल्या.

बुंधा कुजतो, केसिंग गंजतं. आटलेल्या थरातही गॅस थोडा थोडा साठत राहतो आणि वाट मिळेल तसा वर सरकतो. पावसाने भिजलेली किंवा थंडीत गोठलेली जमीन झाकणासारखी बसली, की तो आडवा सरकत घराच्या तळघरात शिरतो. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. 1937 मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडनच्या शाळेत गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास माणसं, बहुतेक मुलंच, दगावली, त्यानंतर हा वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. जमिनीतून थेट येणाऱ्या मिथेनला वासच नसतो.

नव्या विहिरीला परवाना लागू लागला तो 1950 च्या दशकाच्या मध्यात. विहीर बुजवण्याची हमी म्हणून अनामत आली ती 1984 च्या कायद्याने, तीही विहिरीमागे 2,500 डॉलर. बुजवायचा खरा खर्च याच्या कित्येक पट. अनामत सोडून पळणं परवडणार, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा? घरमालकाची अवस्था आणखी विचित्र: वरची जमीन त्याची, पण खालच्या खनिजाचे हक्क कित्येकदा जुन्या खरेदीखतातच दुसऱ्याकडे गेलेले. कुणीच वारस नसलेल्या विहिरींना सरकारी कागदांत चक्क ‘अनाथ’ म्हणतात. 2021 मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या अशा विहिरींसाठी 4.7 अब्ज डॉलर मंजूर केले.

पैसे आले तरी विहीर आधी सापडायला हवी. हेलिकॉप्टर किंवा ड्रोनला चुंबकमापक टांगून जमिनीतलं लोखंड शोधतात. जिचं लोखंड भंगारात गेलं, ती विहीर या यंत्राला दिसत नाही. तिथे मग पावसानंतर डबक्यात उठणारे बुडबुडे, नाहीतर हिरव्या लॉनमधला गवत न धरणारा एखादा गोल तुकडा, एवढाच काय तो माग.