पिच क्लॉक

पिच क्लॉक : व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधल्या वेळेवर मर्यादा घालणारे घड्याळ आणि त्याच्याभोवती रचलेले नियम. मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिका आणि कॅनडातील सर्वोच्च साखळीत, ते २०२३च्या हंगामापासून लागू आहे. बेसवर, म्हणजे धावपटूने गाठायच्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) १५ सेकंदांच्या आत चेंडू टाकण्याची हालचाल सुरू करायची असते. बेसवर धावपटू असेल तर १८ सेकंदांच्या आत. पहिल्या हंगामात ही दुसरी मुदत २० सेकंदांची होती. बॅटरने घड्याळात ८ सेकंद उरलेले असताना आपल्या चौकटीत उभे राहून पिचरकडे पाहत तयार असले पाहिजे. पिचरने उशीर केला तर बॅटरला एक बॉल (पिचरच्या चुकीच्या चेंडूची नोंद) मिळतो, बॅटरने केला तर त्याच्यावर एक स्ट्राइक (बॅटरच्या हुकलेल्या संधीची नोंद) चढतो. चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो आणि तीन स्ट्राइक झाले की बाद होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या शिक्षेचे वजन कळते.

बेसबॉलला वेळेचे बंधन कधीच नव्हते. प्रत्येक बाजूचे २७ बळी पडेपर्यंत सामना चालतो, हा या खेळाचा अभिमान होता आणि घड्याळाला झालेल्या विरोधाचे मूळही तेच. पण जुने सामने लांबत नसत. १९१९ साली न्यूयॉर्क जायंट्स आणि फिलाडेल्फिया यांच्यातला नऊ इनिंगचा, म्हणजे दोन्ही संघांच्या फलंदाजीच्या नऊ फेऱ्यांचा, सामना ५१ मिनिटांत संपला होता. तो अपवाद सोडला तरी १९७०च्या दशकाच्या मध्यावर सरासरी सामना सुमारे अडीच तासांत आटोपत असे. २०२१ साली ही सरासरी ३ तास १० मिनिटांवर गेली. वाढलेला वेळ खेळाचा नव्हता, मधल्या रेंगाळण्याचा होता. पिचर माउंडभोवती (चेंडू टाकण्याच्या उंचवट्याभोवती) फेरी मारणार, बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या खुणांना मान हलवून नकार देणार; बॅटर चौकटीबाहेर येऊन हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा आवळणार. १९७० आणि ८०च्या दशकांत खेळलेल्या माइक हारग्रोव्हला या सवयीमुळे ‘माणसाच्या रूपातला पावसाचा व्यत्यय’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते. तो त्या काळी वेगळा दिसला. पुढच्या पिढीत त्याच्यासारखे बॅटर जवळपास प्रत्येक संघात होते.

यातला हिशेब साधा आहे. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ३०० चेंडू टाकले जातात. प्रत्येक चेंडूमागे केवळ पाच सेकंद वाढले तरी सामना २५ मिनिटांनी लांबतो. हा हिशेब कोणाला माहीत नव्हता असे नाही. नियमपुस्तकात अनेक दशके एक कलम होते: बेस रिकामे असताना पिचरने २० सेकंदांत चेंडू टाकावा. २००७ साली ती मुदत १२ सेकंदांवर आणली गेली, म्हणजे कागदावर आजच्या घड्याळापेक्षाही कडक. मात्र मैदानावर सर्वांना दिसेल असे घड्याळ नव्हते, सेकंद मोजण्याचे काम पंचांच्या अंदाजावर होते, आणि ऐन सामन्यात पिचरच्या नावावर बॉल जाहीर करून रोष ओढवून घ्यायला कोणी पंच धजत नसे. कलम होते, अंमल नव्हता.

सरासरी तीन तासांपलीकडे गेल्यावर २०१४ साली कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बड सेलिग यांनी खेळाच्या गतीवर विचार करण्यासाठी समिती नेमली. तिथून सुधारणांचे प्रस्ताव एकामागोमाग येत राहिले. २०१५ साली बॅटरने शक्यतो एक पाय चौकटीतच ठेवावा असा नियम आला. २०१७ पासून बॅटरला मुद्दाम पहिल्या बेसवर सोडायचे असेल तर चार चेंडू बाहेर टाकण्याची गरज उरली नाही, डगआउटमधून खूण केली की झाले. २०१८ साली खेळाडू वा प्रशिक्षकांनी माउंडवर जाऊन पिचरशी बोलण्याच्या खेपा सहावर आणल्या, पुढल्या वर्षी पाचवर. २०२०मध्ये नव्या पिचरने किमान तीन बॅटरना चेंडू टाकलेच पाहिजेत अशी अट आली, आणि जादा इनिंग दुसऱ्या बेसवर धावपटू उभा करूनच सुरू होऊ लागली. करोनाच्या दोन हंगामांत एकाच दिवशी होणारे दोन सामने सात-सात इनिंगचे झाले, ते २०२२मध्ये मागे घेतले गेले.

हे सगळे करूनही सरासरी सामना लहान झाला नाही. प्रत्येक प्रस्ताव अधूनमधून घडणाऱ्या प्रसंगावर होता. मुद्दाम दिलेला वॉक (बॅटरला पहिला बेस फुकट देणे) रोज घडत नाही आणि घडला तरी त्यात मिनिटभरच जाते. दर चेंडूमागे झिरपणाऱ्या पाच सेकंदांना कोणी हात लावत नव्हते, कारण तिथे हात लावायचा म्हणजे खेळाडूंच्या सवयींना लावायचा, आणि त्यांच्या संघटनेची त्याला तयारी नव्हती. २०१८ साली कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना खेळाडूंच्या संमतीविना घड्याळ लादता आले असते, पण त्यांनी ते टाळले. २०१९च्या वसंतातील सराव सामन्यांत घड्याळ आले आणि हंगामापूर्वीच बाजूला ठेवले गेले.

खरी घडण खालच्या पायरीवर चालू होती. २०१४च्या शरद ऋतूत अ‍ॅरिझोनातील तरुण खेळाडूंच्या साखळीत २० सेकंदांचे घड्याळ वापरून पाहिले गेले, २०१५पासून ते मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या साखळ्यांच्या, वरच्या दोन स्तरांवर आले. २०२२मध्ये मायनर लीगमध्ये अधिक कडक घड्याळ लावल्यावर सामने सुमारे २५ मिनिटांनी आखडले. मेजर लीगमध्ये येणारी नवी मुले घड्याळाची सवय घेऊनच येऊ लागली, हा या लांबलेल्या प्रयोगाचा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल. दरम्यान मालकांनी पुकारलेली ९९ दिवसांची टाळेबंदी मार्च २०२२मध्ये संपली आणि नव्या करारात नियमबदलांसाठी अकरा जणांची संयुक्त समिती ठरली: सहा प्रतिनिधी मालकांचे, चार खेळाडूंचे, एक पंच. ९ सप्टेंबर २०२२ रोजी तिने घड्याळाला मान्यता दिली. खेळाडूंची चारही मते विरोधात गेली.

२५ फेब्रुवारी २०२३ रोजी अटलांटा आणि बॉस्टन यांच्यातील सराव सामन्यात नववी इनिंग, ६–६ अशी बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक अशी अवस्था होती. अटलांटाचा कॅल कॉन्ली वेळेत तयार नव्हता म्हणून पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला आणि सामना तिथेच बरोबरीत संपला. असेच विश्वमालिकेत (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत) झाले तर, या धास्तीने बरीच टीका झाली. ती धास्ती रास्त होती, पण खेळाडू अपेक्षेपेक्षा लवकर रुळले. ३० मार्चला शिकागो कब्जच्या मार्कस स्ट्रोमनकडून नियमित हंगामातला पहिला भंग झाला. नंतर हंगामभर सरासरी दोन सामन्यांमागे एकही भंग होत नव्हता.

नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी २०२२मध्ये ३ तास ४ मिनिटे होती, ती २०२३मध्ये २ तास ४० मिनिटांवर आली. चोवीस मिनिटांचा हा फरक वर मांडलेल्या पाच सेकंदांच्या हिशेबाशी जवळजवळ जुळतो. साडेतीन तास किंवा त्याहून लांबलेले नऊ इनिंगचे सामने २०२१मध्ये ३९० होते, २०२३मध्ये अवघे ९. प्रेक्षकसंख्या सात कोटींवर गेली, मात्र त्याचे सगळे श्रेय घड्याळाला देता येणार नाही. सामना लवकर संपू लागल्याने काही संघांनी सातव्या इनिंगनंतर थांबणारी बिअरविक्री आठव्यापर्यंत वाढवली. त्यावर फिलाडेल्फियाच्या मॅट स्ट्रामने, प्रेक्षकांना घरी गाडी चालवत जायचे असते, असा जाहीर आक्षेप घेतला. २०२३च्या हंगामात एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सरासरी हळूहळू सात मिनिटांनी चढली होती, म्हणून पुढच्या वर्षी २० सेकंदांचे १८ केले गेले आणि २०२४ची सरासरी २ तास ३६ मिनिटांवर आली.

घड्याळाबरोबर एक पूरक नियम अटळ होता. पिचर धावपटूकडे चेंडू फेकून किंवा माउंडवरील पट्टीवरून पाय काढून घड्याळ पुन्हा सुरू करू शकतो. त्याला आवर नसता तर पळवाट खुलीच राहिली असती. म्हणून एका बॅटरमागे अशा दोनच संधी ठेवल्या. तिसऱ्यांदा फेकून धावपटू बाद झाला नाही तर तो एक बेस पुढे जातो. त्यातच बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंचांची झाली. परिणामी बेस चोरण्याची, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर धाव घेण्याची, कला परतली: २०२२मध्ये २,४८६ चोऱ्या झाल्या होत्या, २०२३मध्ये ३,५०३. अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्याने एका हंगामात ४१ होमरन आणि ७३ चोऱ्या केल्या, अशी जोडी त्यापूर्वी कोणाला साधली नव्हती.

गंभीर आक्षेप उरतो तो पिचरच्या कोपराचा. विश्रांती कमी मिळाल्याने दुखापती वाढतात, असे खेळाडू संघटनेने २०२४च्या एप्रिलमध्ये ठामपणे मांडले. त्या वर्षअखेरच्या लीगच्या अहवालाने दोष प्रामुख्याने वाढता वेग आणि प्रत्येक चेंडूत सारी ताकद ओतण्याच्या पद्धतीला दिला. अहवाल नियम लागू करणाऱ्या लीगचाच असल्याने खेळाडूंचा प्रश्न त्याने मिटला असे म्हणता येत नाही.

तैवानच्या व्यावसायिक साखळीने २०२४मध्ये, तर दक्षिण कोरियाने चाचणीनंतर २०२५मध्ये घड्याळ स्वीकारले. कोरियात २०२५मध्ये मुदत २० आणि २५ सेकंदांची, म्हणजे अमेरिकेहून सैल होती. क्रिकेटमध्येही आंतरराष्ट्रीय परिषदेने डिसेंबर २०२३पासून पुरुषांच्या मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचे घड्याळ आणले. तिथे दोन इशारे दिल्यानंतर पाच धावांचा दंड आहे. बेसबॉलमध्ये पहिल्याच उशिराला शिक्षा होते.