घर आपलं ऐकतं का?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटावर काही प्रयोग केले. माणसांना खोलीत बसवून काम दिलं आणि केव्हा येईल याचा अंदाज लागू नये अशा बेतानं मधूनमधून कर्कश आवाज ऐकवला. काहींच्या हाताशी एक बटण होतं. अगदीच असह्य झालं तर बटण दाबून आवाज थांबवा, पण शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलेलं होतं. जवळजवळ कुणीच ते दाबलं नाही. म्हणजे बटण असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या कानांवर आवाज सारखाच पडला. नंतर शांततेत सगळ्यांना कोडी दिली, त्यांतली काही मुद्दामच न सुटणारी. बटण नसलेले लवकर हार मानत होते आणि मुद्रितं तपासताना त्यांच्या नजरेतून जास्त चुका निसटत होत्या. बटण असलेले कितीतरी जास्त वेळ चिकाटीनं झटत राहिले.

घराची रचना आणि मन यांच्याविषयीचं संशोधन वाचताना हा प्रयोग मला सतत आठवतो. घर मनाला बरं वाटावं म्हणून आपण रंग निवडतो, सोफा बदलतो, भिंतीवर चित्रं लावतो. त्यात आनंद आहेच. पण उजेड, आवाज आणि माणसांची ये-जा यांवर राहणाऱ्याला ताबा ठेवता येतो का, हा प्रश्न मला त्याहून फार मोठा वाटतो.

माणसांपासून सुरुवात करू. मानसशास्त्रज्ञ अर्विन ऑल्टमन यांनी १९७५ साली खासगीपणाची एक नेमकी कल्पना मांडली. खासगीपणा म्हणजे एकटेपणा नव्हे. कोणाला किती जवळ येऊ द्यायचं हे आपल्याला हवं तसं ठरवता येणं म्हणजे खासगीपणा. कधी दार लोटून घ्यावंसं वाटतं, कधी सताड उघडं ठेवावंसं. दोन्ही करता यायला हवं.

याचा एक सुंदर पडताळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत मिळाला. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी दोन प्रकारच्या इमारतींची तुलना केली. एकीत लांबलचक मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना खोल्या होत्या, आणि तीसेक विद्यार्थी एकच स्वच्छतागृह आणि एकच बैठकीची खोली वापरत होते. दुसरीत दोन-तीन खोल्यांचा एकेक गट होता आणि प्रत्येक गटाला स्वतःची बैठक होती. दरडोई जागा साधारण तेवढीच. तरीही लांब मार्गिकेतल्या मुलांना गर्दीची जाणीव खूप जास्त होती. दाराबाहेर पाऊल टाकलं की कोण समोर येईल हे त्यांच्या हातात नव्हतं. याचा परिणाम वसतिगृहापुरता राहिला नाही. प्रतीक्षागृहात अनोळखी माणसाशेजारी बसण्याची वेळ आली तेव्हाही ही मुलं दूर बसत आणि नजर टाळत. पुढे बॉम यांनीच एका लांब मार्गिकेच्या मधल्या काही खोल्यांची बैठक केली आणि दारं बसवून मजला दोन भागांत विभागला. तसा बदल न केलेल्या लांब मार्गिकेतल्या मुलांपेक्षा इथे गर्दीची जाणीव कमी आणि मैत्री जास्त दिसली.

घरांविषयीचा असाच एक निष्कर्ष गॅरी इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडला. त्यांनी घराची ‘खोली’ (खोलपणा या अर्थानं) मोजली, म्हणजे एका जागेतून दुसरीकडे जाताना मध्ये किती जागा ओलांडाव्या लागतात ते पाहिलं. माणसं दाटीवाटीनं राहत असतील तर मनावर ताण येतोच, पण ज्या घरांत असे टप्पे जास्त होते तिथे तो कमी दिसला. सगळ्या भिंती पाडून एकच मोठी मोकळी जागा करण्याची आज जी ओढ आहे, तिच्याबद्दल मला म्हणूनच काळजी वाटते. दोघांच्या घरात ते छान वाटेल. पण पाच जणांच्या घरात एकाचा अभ्यास, दुसऱ्याचा फोन आणि तिसऱ्याची झोप एकाच हवेत तरंगत असेल, तर कुणालाच मागे सरायला जागा उरत नाही. भिंत बांधणं शक्य नसेल तर पुस्तकांचं उंच कपाट आडवं लावा, जाड पडदा सोडा, खुर्चीची पाठ वावराच्या वाटेकडे करा. हवा असतो तो आडोसा, आणि त्याला फार चौरस फूट लागत नाहीत.

उजेडाची गोष्ट शरीराच्या जास्त खोलवर जाते. पाहण्यासाठी डोळ्यात दंडपेशी आणि शंकूपेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. २००२ साली स्पष्ट झालं की दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतल्या जैविक घड्याळाला कळवतात. त्या घड्याळावर झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकांची चढ-उतार आणि बऱ्याच अंशी मनःस्थितीही अवलंबून असते.

अडचण अशी की आपली घरं दिवसा फार अंधारी आणि रात्री फार उजळ असतात. डोळे सरावतात, म्हणून ते जाणवत नाही. लक्स या उजेड मोजायच्या एककात सांगायचं तर भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतात. घरात दिवा लावल्यावर मिळतो तो साधारण १०० ते ३००. या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका गटानं २०२२ साली शिफारशी दिल्या. जैविक घड्याळाला जाणवणाऱ्या उजेडाच्या मापात, दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० लक्स, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, आणि झोपेत १ पेक्षा जास्त नको.

खिडकीपासून दूर जावं तसा उजेड झपाट्यानं घटतो. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ जिथे बसता ती खुर्ची किंवा टेबल खिडकीजवळ सरकवणं हा बिनखर्चाचा आणि परिणामकारक उपाय आहे. संध्याकाळसाठी मात्र वेगळी सोय हवी. छताला एकच झगझगीत दिवा आणि त्याचं एकच बटण, ही व्यवस्था आपल्याला लख्ख उजेड किंवा गुडुप अंधार एवढीच निवड देते. खाली ठेवलेला पिवळसर, मंद दिवा संध्याकाळी शरीराला सुखावह असतो. झोपण्याच्या खोलीला जाड पडदे हवेत. सकाळी ते सरकवायलाही हवेत.

खिडकीतून काय दिसतं हेही मोलाचं. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून मांडल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, पण इमारतींचा विचार करणाऱ्यांवर त्याचा ठसा मोठा उमटला.

आवाजाबद्दल एवढंच सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ साली रस्त्यावरच्या वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. रस्त्याकडची खोली कुणाच्या झोपेसाठी द्यायची, याचा विचार घर लावतानाच व्हावा.

पसाऱ्याचा मुद्दा नाजूक आहे. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोघंही नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांनी स्वतःचं घर फिरून दाखवत त्याचं वर्णन केलं. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त येत होती, त्यांच्या शरीरातल्या कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचा दिवसभरातला उतार सपाट होता. दीर्घकाळ ताण असला की असं दिसू शकतं. पुरुषांत हा संबंध तसा दिसला नाही. पसाऱ्यानं ताण आला की ताणामुळे पसारा, हे या अभ्यासावरून ठरत नाही. पण एकाच खोलीत एकाला नुसत्या वस्तू दिसतात आणि दुसरीला उरलेलं काम दिसतं, हे मला पटतं. म्हणून वस्तू जिथे वापरतो तिथेच, घरातल्या प्रत्येकाचा हात पोहोचेल अशा उंचीवर तिची जागा असावी. मग आवरणं एकटीचं काम राहत नाही.

भिंतीतली ओल आणि बुरशी श्वसनाला घातक आहेच. युरोपातल्या ८ शहरांतल्या सुमारे ६ हजार प्रौढांच्या २००७ सालच्या अभ्यासात नैराश्याशीही तिचा संबंध आढळला. यातला काही भाग आजारपणानं समजावता येत होता आणि काही भाग ‘हे घर माझ्या आटोक्यात नाही’ या भावनेनं. गळकी भिंत दुरुस्त करणं मी रंगकामाच्या कितीतरी आधी ठेवीन.

रंगांच्या जादूचे दावे जपून घ्यावेत. एका ठरावीक गुलाबी छटेनं कैद्यांचा आक्रमकपणा शमतो असं १९७९ पासून सांगितलं जाई. तुरुंगात केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत तसं काही दिसलं नाही. आवडतो तो रंग द्यावा.

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी घालायचं काम परिचारिकांचं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही, जास्त मिसळणारे झाले होते. घराची रचना बहुधा कमावती, धडधाकट माणसं ठरवतात. तेव्हा घर लावताना पलंगावरच्या वृद्धाला न उठता दिवा विझवता येतो का, खिडकीची कडी लहान मुलाला धोका न होता उघडता येते का, आणि ज्याला स्वतःची खोली नाही त्याला निदान किल्ली लावता येईल असा एक खण आहे का, हे त्यांनाच विचारून ठरवावं.