शिंपला धुऊन आणू नका, चिखलासकट आणा

गोव्यातल्या आमच्या लॅबमध्ये जुने शिंपले, जीवाश्म, विहिरीतला गाळ तपासायला घेऊन येणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. फोनवर रोज तेच सांगावं लागतं म्हणून एकदा नीट छापून ठेवलं. पाऊस गेला की भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, विहिरी, बोअर, घरांचे पाये खणायची कामं सुरू होतात आणि मग दर दोन दिवसांनी कोणीतरी पिशवी घेऊन दारात उभं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कितलें पोरनें हें?", म्हणजे हे किती जुनं? प्रश्न चांगलाच आहे, आम्हालाही तोच प्रश्न आवडतो, पण त्याचं उत्तर एकट्या शिंपल्यात क्वचित असतं. तो कुठल्या थरात होता, किती खोल होता, आजूबाजूला चिखल होता की वाळू, त्यात अजून काय काय होतं, हे सगळं मिळून उत्तर तयार होतं.

मागच्या मे महिन्यात चोडणहून एक काका आले होते. बिस्किटाच्या डब्यात वीसेक शिंपले, प्रत्येक कापसात गुंडाळलेला, पांढरेशुभ्र. दोन संध्याकाळी बसून बाथरूमच्या अ‍ॅसिडने धुतले म्हणून त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण माणसाने मेहनत घेतली होती. शिंपला म्हणजे मुळात चुना आणि अ‍ॅसिड चुना खातं. मायक्रोस्कोपखाली धरला तर वरची बारीक नक्षी गेलेली, कडा पातळ झालेल्या, आणि आत चिकटलेला चिखल, ज्यातून खरी माहिती निघाली असती, तो नळाखाली वाहून गेलेला. मग आम्ही त्यांच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीतल्या, विहिरीवर गेलो. तोवर आतून चिरा बांधून झाला होता म्हणजे थर बघायची सोय नाही, पण माडाच्या बुंध्याशी काढलेल्या चिखलाचा ढीग होता. त्यातल्या एका ढेकळात पातळ, चपटा, चकचकीत शिंपला निघाला, दोन्ही झाकणं अजून जुळलेली. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे ना, तोच. चिखलीच्या बाजूला झुआरीच्या खाडीत तो आजही मिळतो. तो शांत, खाऱ्या, गढूळ, उथळ पाण्यात चिखलावर राहतो आणि दोन्ही झाकणं जुळलेली म्हणजे लांबून वाहत आलेला नाही, तिथेच जगला, तिथेच गाडला गेला. म्हणजे आज जिथे माड उभे आहेत तिथे एकेकाळी खाडीचं पाणी पसरलेलं होतं एवढं आम्ही ठामपणे लिहून दिलं. पण ते किती मीटरवर होतं, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, हे ढिगावरून कसं सांगणार? रिपोर्ट अर्धा राहिला आणि काकांची एक फेरी फुकट गेली.

चिखलाचं एवढं कौतुक का ते सांगतो. खाडीच्या चिमूटभर गाळात मिठाच्या कणाएवढे किंवा त्याहून बारीक शंखासारखे कवच असतात, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांचे, आम्ही नुसतं फोरॅम म्हणतो. ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर गाळ हलक्या पाण्याने धुवायचा, वाळवायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचा, हे काम आमच्याकडे रोज चालतं. खारफुटीच्या आंबट चिखलात चुन्याचं कवच टिकत नाही, तिथे वाळूचे कण चिकटवून कवच बांधणारे प्रकार जास्त दिसतात. खाडीत, जिथे गोडं-खारं पाणी मिसळतं, तिथे अमोनिया नावाचा गोल गुंडाळलेला प्रकार भरपूर, पण एकूण प्रकार मोजकेच. प्रकारांची संख्या वाढली आणि त्यात ग्लोबिजेरिनासारखे पाण्यात तरंगत जगणारे दिसायला लागले की उघड्या समुद्राचं पाणी तिथवर येत होतं असं समजतं. गुजरातमधल्या लोथल या हडप्पाकालीन गावाची ती मोठी हौदासारखी जागा गोदी होती की शेतीचा तलाव यावर वाद होता, तिथल्या गाळात खाऱ्या पाण्यातले फोरॅम दाखवून गोदीच्या बाजूने पुरावा दिला तो आपल्या दोनापावलाच्या एनआयओ या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कामातून. गोव्यात बसलेल्या माणसाला याचा अभिमान वाटायलाच हवा. तर शिंपल्याच्या खाचेत अडकलेला तो राखाडी चिखल तुम्ही टूथब्रशने घासून टाकता तेव्हा हे सगळं जातं, आणि घरचा नळ जोरात सोडला तर आमच्या चाळणीतून जे वाचलं असतं तेही जातं.

मोठ्या शिंपल्यांवरूनही बरंच कळतं आणि गोंयकाराला ते पटकन समजतं कारण आपण ते खातोच. कालवं खडकाला किंवा खारफुटीच्या मुळांना धरून राहतात, म्हणजे धरायला काहीतरी घट्ट हवं. काळे खुबे नदीच्या वरच्या अंगाला, कमी खारट पाण्यात. तिसऱ्यांचे शिंपले खाडीच्या वाळूत-चिखलात पुरून. लांब निमुळता, काळपट टेलिस्कोपियम शंख दिसला की खारफुटीचा चिखल. पण इथेच एक घोळ होतो. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिंपले खाऊन परसात टाकलेत, भाजून चुना केलाय, खाजनाचे बांध घालताना एका जागचा चिखल दुसरीकडे नेलाय. त्यामुळे माडाच्या बुडाशी सापडलेला तिसऱ्यांचा थर समुद्राने ठेवला की कोणाच्या आजीने, हे आधी बघावं लागतं. सगळे एकाच साइझचे, खाण्याजोगे, झाकणं सुटी, मध्ये कोळसा किंवा कौलाचा तुकडा, काही जळून करडे झालेले, तर ते स्वयंपाकघरातले. लहान-मोठे सगळे मिसळलेले, बरेच जोडीने, मुळात जसे पुरून राहतात तशाच स्थितीत, तर निसर्गाने ठेवलेले. कडा घासून गोल झालेल्या असतील तर लाटांनी कुठून तरी आणलेले. हा फरक जागेवर पाच मिनिटांत कळतो, पिशवीत आल्यावर बहुतेक वेळा कळत नाही.

आता वयाचं. काही जीवाश्म स्वतःच वय सांगतात, कारण तो प्राणी थोडा काळच जगला पण जगभर पसरला. थर त्यातल्या जीवाश्मांवरून ओळखता येतात हे विल्यम स्मिथ नावाच्या इंग्लंडच्या कालव्यांच्या सर्व्हेअरने दाखवलं आणि त्या आधारावर १८१५ मध्ये नकाशा काढला. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम घ्या, त्यात चक्र दिसतं ते अ‍ॅमोनाइटचं. हिमालय उभा राहायच्या आधी तिथे समुद्र होता, त्यातला ज्युरासिक काळातला, गुंडाळलेल्या शंखाचा जीव. अ‍ॅमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, त्यामुळे खडकात मूळ जागी अ‍ॅमोनाइट दिसला की तो खडक त्याआधीचा आणि समुद्रातला, दोन्ही गोष्टी एका दगडात. हे सांगितल्यावर काही लोकांना वाटतं की आम्ही पूजेच्या दगडाला कमी लेखतो, तसं अजिबात नाही, माझ्या घरीही आहे आणि रोज तुळस वाहिली जाते.

पण गोव्याच्या खडकांत हे चालत नाही आणि हे मी स्पष्ट सांगतो कारण लोक आशेने येतात. आपले बहुतेक खडक अतिशय जुने, दाबाने-उष्णतेने बदललेले, अनमोड घाटातला नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक तर ३०० कोटी वर्षांहून जुना. त्यात डायनासोरचं हाड मिळणार नाही. सांगे-सत्तरीच्या पूर्व कडेला दख्खनचा लाव्हा आहे, तोही वितळलेला दगड. लाव्हाच्या दोन थरांमध्ये मात्र कधीकधी गोड्या पाण्याचा गाळ अडकलेला असतो, मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच गाळात बेडकांचे सांगाडे मिळालेत, म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये तिथे पाणथळ जागा होती. आमच्याकडे येणारी दगडावरची "फर्नची पानं" मात्र जवळजवळ नेहमी मॅंगनीजची असतात. भेगेतून पाणी झिरपताना मॅंगनीज झाडाच्या फांद्यांसारखं पसरतं, दिसतं सुंदर, पण त्याला शिरा नसतात, देठ नसतो. लोखंडाचा गोल गुळगुळीत गोळा अंडं म्हणून येतो, तोही नव्हे. हे आम्ही फुकट बघून देतो, त्यासाठी संकोच करू नका.

विहिरीतल्या शिंपल्यांचं वय वेगळ्या रीतीने काढावं लागतं कारण तेच प्राणी आजही जगतायत. साधारण २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, किनारा खूप पश्चिमेला, मग पाणी चढत आलं आणि आपल्या नद्यांच्या मुखात खाड्या भरल्या. तो गाळ तारखेने लावायचा तर रेडिओकार्बन. जीव मेल्यावर त्याच्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत उपयोग. समुद्रातला शिंपला मुळातच जुना कार्बन घेतो त्यामुळे सरासरी ४०० वर्षांची दुरुस्ती करावी लागते, त्यात जागेप्रमाणे फरक. ही टेस्ट आम्ही करत नाही, सॅम्पल निवडून, साफ करून बाहेरच्या लॅबला पाठवतो, आणि तिथेच फेविकॉल, वॉर्निश, मेण यांनी नुकसान होतं. त्या सगळ्यात कार्बन आहे. शिंपला चमकावा म्हणून वॉर्निश मारलं की त्यातला पेट्रोलियमचा मेलेला, म्हणजे कार्बन-१४ न उरलेला, कार्बन वय वाढवून दाखवतो. एका एमएस्सीच्या मुलीचं सगळ्यात चांगलं सॅम्पल असंच गेलं, डिस्प्लेसाठी तिने डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं.

फोटोवरून वय सांगा म्हणणारे खूप असतात आणि नाही म्हटलं की रागावतात. आम्ही सांगत नाही, ज्याला मूळ जागा माहीत नाही तो आकडा अंदाजाचाच असणार आणि तो मग कोणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये, कोणाच्या जमिनीच्या भांडणात छापून जातो. धुतलेल्या सॅम्पलला आमचा चार्ज जास्त आहे, त्याचं कारण एवढंच की त्याच्यामागे जागेवर फेरी मारावी लागते, आणि तरी अर्धंच उत्तर मिळतं. चिखलासकट, खोली लिहून आलेलं सॅम्पल आठवड्यात परत मिळतं.

तर खणताना शिंपले दिसले की काम पाच मिनिटं थांबवा, जमिनीपासून किती खाली ते टेपने मोजा, पट्टी किंवा नाणं ठेवून भिंतीचा फोटो घ्या, आणि मुठीएवढं ढेकूळ तसंच झिप पिशवीत घाला. पिशवीवर मार्करने गाव, खोली, तारीख आणि वरची बाजू कुठली तो बाण. वेगळ्या थराची वेगळी पिशवी, एकत्र केलं की परत सुटत नाही. पिशव्या, लेबलं आमच्या काउंटरवर फुकट मिळतात, आधी घेऊन ठेवा. तिसवाडी-बार्देशमध्ये चिरा बांधायच्या आदल्या दिवशी फोन केला तर आमचा माणूस पाइप घेऊन येतो आणि थरांचा सलग गाभा काढून नेतो, त्याचे पैसे तुमच्या दुसऱ्या फेरीच्या पेट्रोलपेक्षा फार जास्त होत नाहीत. सॅम्पल लगेच आणता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर ठेवून बुरशी आली तर कार्बनचं गणित परत बिघडतं. सोमवार ते शनिवार उघडं असतं, चतुर्थीचे पाच दिवस बंद.