घोड्याचा सौदा : भीमाखोऱ्यातल्या बाजारामागचा इतिहास

दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला बाजार समितीच्या आवारात घोडेबाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजरातकडून मारवाडी, काठियावाडी, नुकरे घोडे येतात. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडचे शौकीन दोन-दोन दिवस मुक्काम ठोकून राहतात. वय किती, खोड काय, पाय साफ आहे का, माणसाला अंगाला हात लावू देतो का, हे प्रश्न प्रत्येक दावणीपुढे विचारले जातात. विकणाऱ्याला घोडा आतून-बाहेरून ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तासाभरात ठरवायचं असतं. सगळा तिढा इथेच आहे. तो सोडवायला इथल्या राज्यकर्त्यांनी, सैन्यांनी आणि पुढे कायद्याने काय काय केलं, ते समजल्याशिवाय आजचा व्यवहार नीट कळत नाही.

दख्खनची हवा मोठ्या घोड्याला फारशी मानवत नाही. म्हणून इथल्या राजांना शतकानुशतकं समुद्रापलीकडून घोडा आणावा लागला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात सोलापूरचा मुलूख त्यांच्याच अमलाखाली होता. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात घोड्यांची परीक्षा आणि घोड्यावरून खेळायचा चेंडूचा खेळ, दोन्ही आहेत. म्हणजे घोडा पारखणं हे तेव्हाच राजाला यायला हवं असं शास्त्र झालं होतं. घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा तर शालिहोत्र या प्राचीन ऋषीच्या नावाने त्याहूनही जुनी.

पुढे बहमनी आणि विजयनगर यांच्यात जी चुरस लागली, तिच्यात अरबी घोड्याला सोन्याचा भाव आला. होर्मुझ, एडनकडून जहाजं निघायची, ती चौल, दाभोळ, गोवा, भटकळ या बंदरांना लागायची. फर्नाव नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय, की विजयनगरचा साळुव नरसिंह हजार पर्दावला (पर्दाव म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) तीन घोडे घ्यायचा, जिवंत असोत की मेलेले. वाटेत समुद्रावर मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी व्यापाऱ्याला पूर्ण पैसे मिळत. व्यापारी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून राजाने सगळी जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. व्यापाऱ्याचं भलं झालं, पण जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या त्या मुक्या जनावराला जिवंत पोचवण्यात कुणाचा फायदा उरला? आजही जिथे माल पोचायच्या आधीच पूर्ण पैसे हातात पडतात, तिथे वाटेतल्या चारा-पाण्याची हेळसांड होते. जनावराची ने-आण पाहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे.

याच काळात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. साल १४७० च्या आगेमागे. विकायला आणलेला तो एकुलता एक घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर मोहरा देतो, अशी अट घातली. एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून घोडा परत मिळाला. शेवटी बिदरला तो विकला गेला, पण तोवर पोसण्याचा खर्च अंगावर बसलाच होता. जुन्नरला घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपून ठेवलंय. आपल्याकडे मात्र त्याच्या लिखाणातली दुसरीच नोंद जास्त जवळची. अक्कलकोटच्या पलीकडे आळंदला शेख अलाउद्दीनच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा मोठा बाजार भरतो आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असं तो सांगतो. आकडा परक्या माणसाच्या अंदाजाचा आहे हे धरूनही सोलापूरच्या वेशीपासून फार लांब नसलेल्या गावात साडेपाचशे वर्षांपूर्वी केवढा घोडेबाजार भरत होता, याची कल्पना येते. अकलूजचा बाजार नवा असेल, पण या मुलखाला घोड्याची खरेदी-विक्री नवी नाही.

फसवणूकही तितकीच जुनी. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीने (राज्यकाळ १२९६ ते १३१६) तिच्यावर सरळ हुकमाचा उपाय केला. चौदाव्या शतकातल्या झियाउद्दीन बरनीच्या इतिहासात त्याचे दर दिले आहेत. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके (तेव्हाची नाणी), दुसरा ८० ते ९०, तिसरा ६५ ते ७०, आणि तट्टू १० ते २५. प्रत ठरवून दिली, घोड्याला डाग देऊन नोंद ठेवली आणि दोन्हीकडून पैसे खाणाऱ्या दलालांना कडक शिक्षा केल्या. डागामुळे चांगला घोडा दाखवून फौजेच्या हजेरीला मरतुकडा उभा करण्याची चलाखी बंद झाली. दर धाकाने टिकले, धाक गेल्यावर टिकले नाहीत. नोंदीची कल्पना मात्र टिकली, आणि माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपातली तेवढीच कामाची होती.

मराठ्यांच्या फौजेत घोड्याच्या मालकीवरूनच माणसाची पायरी ठरायची. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणे आणि त्याच्या तयारीसाठी नालबंदीची रक्कम उचले. घोडा पडला की शिलेदाराचं पोटच गेलं. असा माणूस घोडा घेताना गाफील राहणं शक्यच नव्हतं. त्याच्या कामाला उंचापुरा अरबी घोडा नको होता. भीमेच्या खोऱ्यातलं काटक, कमी चाऱ्यावर राहणारं, डोंगर आणि मैदान दोन्ही तुडवणारं भीमथडी तट्टू त्याला हवं होतं. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला भीमेकाठी छावणी टाकली, तेव्हा त्याच्या अवजड फौजेला याच तट्टांवरच्या स्वारांनी दमवलं. १८१८ च्या फेब्रुवारीत मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, मेमध्ये इंग्रज सेनानी मन्रोने सोलापूर घेतलं आणि फौजा मोडल्या. फौजेबरोबर घोड्याचं मोठं गिऱ्हाईक गेलं. इंग्रजांच्या देशी रिसाल्यात शिलेदारीची पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली, पण पूर्वीची मागणी परत आली नाही. मग टांगा, वरात, वारी आणि शौक एवढंच राहिलं. पुढे टांगाही रिक्षाने संपवला.

बाजाराची रीत मात्र मागे राहिली. दलाल उपरण्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो, बोटं दाबून भाव सांगतो, मग तसाच विकणाऱ्याकडे जातो. आजूबाजूच्या वीस जणांना आकडा कळत नाही. यात भाव गुप्त राहण्याची सोय आहे, पण विकणाऱ्याला एक आकडा आणि घेणाऱ्याला दुसरा सांगून मधलं खिशात घालण्याचीही आहे. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचंही तसंच. देवमणी या शुभ मानलेल्या भोवऱ्याला भाव चढतो आणि एखाद्या अशुभ मानलेल्या भोवऱ्यावरून चांगलं, गुणी जनावर मातीमोल जातं. भोवरा केसांच्या वळणाचा असतो, त्याचा चालीशी किंवा स्वभावाशी काही संबंध नाही. तो दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवणं किंवा भुलवणं ही माझ्या लेखी लबाडीच.

दातांचं वेगळं. घोड्याचे पुढचे मधले पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कोपऱ्याचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. दाताच्या माथ्यावर काळा खळगा असतो, तो झिजत जातो. खालच्या मधल्या दातांचा सहाव्या वर्षाच्या आसपास, बाजूच्यांचा सातव्या, कोपऱ्याच्यांचा आठव्या. दहाव्या वर्षी वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी एक उभी रेघ दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी खालपर्यंत पोचते. चाऱ्याप्रमाणे वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो, तरी ठोकळमानाने हे खरं असतं. म्हणूनच म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून त्यात डागणीने काळे खळगे पाडण्याची युक्ती निघाली. खळगा खोटा काढता येतो, पण त्याच्याभोवतीचं पांढरं कडं काढता येत नाही आणि दाताचा तिरपेपणाही लपत नाही. लंगडा पाय सुन्न करून आणणं, तापट घोड्याला गुंगीचं काही चारून गरीब बनवणं, हे त्याच जातीचे प्रकार. या सगळ्यांत गिऱ्हाईक फसतं ते पैशाला, जनावराचा मात्र जीव जातो.

आता कायद्याकडे वळू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १७ वं कलम कपटाबद्दल आहे आणि त्यातली उदाहरणं चक्क घोड्याची आहेत. लिलावात घोडा विकताना त्याच्यातला दोष माहीत असूनही विकणारा गप्प राहिला, तर ते कपट नाही. पण घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निर्दोष समजतो’, तर तिथे गप्प राहणं म्हणजे बोलण्यासारखंच. याच कलमाप्रमाणे दोष मुद्दाम झाकणं मात्र कपट ठरतं, म्हणजे कोरलेला दात त्यात बसतो. २० व्या कलमातही घोडा आहे. सौदा झाला तेव्हा घोडा आधीच मेलेला होता आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं, तर करारच रद्द. पुढे १९३० च्या माल विक्री कायद्याने आणखी एक दार उघडलं. कशासाठी हवं हे घेणाऱ्याने सांगितलं, विकणाऱ्याचा तो धंदा असला आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवूनच माल घेतला गेला, तर त्या कामाला तो योग्य असला पाहिजे. म्हणून ‘वरातीला हवाय, बँड-फटाक्यांत उभा राहील ना?’ हे वाक्य साक्षीदारांसमोर स्पष्ट बोलावं आणि पावतीवर लिहून घ्यावं.

कायद्याने गप्प राहण्याची मुभा दिली, ती दीडशे वर्षांपूर्वीच्या लिलावाला धरून. मला ती पुरेशी वाटत नाही. लाथ मारणारा घोडा काही न सांगता विकला, तर उद्या त्याच्या पाठीवर कुणाचं पोर बसणार आहे. सदाशिवनगरच्या किंवा खुडूसच्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो, तेव्हा लाखभर माणसं कड्यावर दाटीने उभी असतात. तिथे जनावर शांत असण्यावर कुणी पैज लावत नाही, ते वर्षभर पारखलेलं असतं. विक्रीच्या घोड्यालाही तेवढी पारख मिळायला हवी. गिऱ्हाइकाने न कळवता येऊन थंड अंगाचा, म्हणजे आधी न पळवलेला घोडा ठाणावरच पाहावा. आधी विकणाऱ्याने स्वतः बसून रपेट करून दाखवावी, मग घेणाऱ्याने. खोडी, जुनी दुखापत, पोटदुखीची सवय, सगळं इसारपावतीवर लिहावं. अशाने भाव थोडा उतरतो, पण तोच घोडा पंधरा दिवसांनी दारात परत येत नाही.

सरकारने आरोग्याची बाजू बरीच आधी हातात घेतली. घोड्यांचा शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, माणसालाही होतो. त्यासाठी १८९९ सालीच कायदा झाला. २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला. आता तो २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली कळवावाच लागतो आणि बाधित जनावर दयामरणाने संपवावं लागतं. त्यामुळे बाजारात नेण्याआधीची रक्ततपासणी म्हणजे गावातल्या सगळ्या दावणींचा प्रश्न. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखलाही लागतो.

शेवटची घडामोड अगदी ताजी आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची देशातली आठवी नोंदणीकृत घोडा जात म्हणून नोंद केली. धनगर आणि इतर भटक्या पशुपालकांनी ओझ्याचं जनावर म्हणून जे जपलं, त्याला अखेर नाव मिळालं. आता कोणतंही बुटकं तट्टू ‘अस्सल भीमथडी’ म्हणून खपवण्याचा मोह होणार हे उघड आहे. जातीचा दावा करणाऱ्या विकणाऱ्याने आई-बापाची माहिती, मूळ कळपाचा पत्ता आणि घोड्याचे चारही बाजूंचे फोटो पावतीला जोडावेत, आणि घेणाऱ्याने ते मागितल्याशिवाय इसार देऊ नये.